ओल्या खोलीतले घरमालक

त्यांना सगळे एकहाते म्हणत. हे नाव ऐकून नवा माणूस भेटायला आला की आधी चोरून त्यांच्या बाह्यांकडे बघायचा, आणि दोन्हींतून धडधाकट हात बाहेर आलेले दिसले की गोंधळून जायचा. नावाचा संबंध हाताशीच होता, पण तो रंगाच्या हाताशी. भिंतीला भेग पडो, दाराला वाळवी लागो, गजांना गंज चढो, एकहात्यांचं औषध ठरलेलं. "काही नाही हो, रंगाचा एक हात मारला की झालं."

त्यांची उभी हयात बसडेपोच्या रंगखात्यात गेली होती. गाडी तिथे यायची ती पत्रा सडलेली, कडेने खरचटलेली, कुणीतरी खिळ्याने नाव कोरलेली. बाहेर पडायची ती लख्ख. इंजिन खोकत असलं तर ते दुसऱ्या खात्याचं काम. एकहात्यांची गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत चकाकत असायची, आणि त्यापुढचं गाडी आणि प्रवासी बघून घेत. इतकी वर्षं असं काम केल्यावर माणसाला जगातली बहुतेक दुखणी वरवरची वाटू लागतात, तशी त्यांनाही वाटत.

निवृत्त झाल्यावर ते पूर्णवेळ घरमालक झाले. घर दोन मजली. वर ते आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे सगळ्यांच्या काकू, राहत, खाली भाडेकरू. खालची पुढची खोली रस्त्याकडे उघडणारी, मधे स्वयंपाकघर, आणि मागे आणखी एक खोली. या मागच्या खोलीला खिडकी नव्हती. एके काळी होती, पण एकहात्यांनी ती विटा लावून बुजवून टाकली होती, आणि का, हे ते कुणाला सांगत नसत. खिडकी गेल्यापासून त्या खोलीत ओल आली ती कायमची. कोपऱ्यात काळे ठिपके उमटत, ते वाढत वाढत छताला पोहोचत, रंगाचे पोपडे सुटत आणि सगळीकडे जुन्या पोत्यासारखा कुबट वास भरून राही.

भाडेकरू तक्रार घेऊन वर येत. एकहाते शांतपणे ऐकून घेत आणि मग दोष त्यांच्याच पदरात टाकत. पहिला भाडेकरू पोस्टातला कारकून होता. त्याला त्यांनी विचारलं, "आंघोळीला किती वेळ लागतो तुम्हाला?"

कारकून सरळ माणूस. म्हणाला, "पंधरा-वीस मिनिटं."

"मग बरोबर आहे. एवढी वाफ भिंतीने ठेवायची कुठे?"

पुढे आलेल्या नर्सबाईंना त्यांनी सांगितलं की तुमच्याकडे भात फार शिजतो. त्यानंतर एक नवं जोडपं आलं. त्यांना सांगितलं की तुम्ही घरात फार बोलता, बोलण्यातूनही वाफ जाते. ते दोघं लाजले आणि बरेच दिवस बोलायला गच्चीवर जात राहिले. बुरशीने मात्र लाजबिज काही धरली नाही. अखेर तेही गेले. प्रत्येक वेळी खोली रिकामी झाली की एकहाते बादली आणि ब्रश घेऊन खाली उतरत, एक हात मारत, आणि नव्या भाडेकरूला दार उघडून देत.

असंच एकदा त्यांनी ड्रेपरीवाल्या ताईंना दार उघडून दिलं.

ताई आणि त्यांचे यजमान नाटकांना कपडे भाड्याने देत. राजे, सैनिक, पऱ्या, वाघ, झाडं, सगळं त्यांच्याकडे ट्रंकांत भरलेलं असे. ताई कपडे शिवत, धूत, रफू करत आणि गिऱ्हाइकांशी बोलत. यजमान टोप आणि दाढ्या-मिश्या बनवत आणि कुणाशीच बोलत नसत. फार झालं तर "हं" म्हणत.

ताईंनी मागच्या खोलीत पाऊल टाकलं आणि नाक वर केलं. "काका, वास कसला येतोय?"

"नव्या रंगाचा."

"त्याच्या खालून येतोय तो?"

"त्याच्या खाली जुना रंग आहे," एकहाते म्हणाले. आणि हे तसं खोटंही नव्हतं.

ताईंना घाई होती. आधीचं घर सोडायची मुदत संपत आली होती, आणि ट्रंका मावतील अशी जागा कुठे मिळत नव्हती. त्यांनी होकार दिला. हातगाडीवरून ट्रंका आल्या आणि सगळ्यात वर पाय पसरून वाघ आला. तो ट्रंकेत मावत नव्हता.

पहिले काही दिवस बरे गेले. थंडी पडली तशी शाळांची संमेलनं सुरू झाली, ताईंचा धंदा जोरात चालू लागला, आणि मागच्या खोलीची भिंतही जोरात आली. आधी कोपरा काळा झाला. मग राजाच्या मखमली अंगरख्यावर हिरवट झाक चढली. परीच्या पंखांवर ठिपके आले. म्हाताऱ्याची पांढरीशुभ्र दाढी अशी काळवंडली की तो मधल्या वयाचा दिसू लागला. झाडाच्या कपड्याबद्दल मात्र कुणाची तक्रार आली नाही. उलट एका शाळेने मुद्दाम कळवलं की झाड अगदी हुबेहूब होतं, वाससुद्धा जंगलाचा येत होता.

ताई अंगरखा घेऊन वर गेल्या. "काका, हे बघा."

एकहात्यांनी अंगरखा उलटसुलट करून पाहिला. "तुम्ही घरात फार श्वास घेता का?"

"काय?"

"म्हणजे तुम्ही दोघं, शिवाय कपडे घालून बघायला येणारी माणसं. श्वासातून वाफ जाते."

"मग श्वास बाहेर जाऊन घ्यायचा का?" ताईंनी विचारलं. त्या आधीच्या भाडेकरूंसारख्या लाजणाऱ्या नव्हत्या.

एकहात्यांना असं उलटं विचारलेलं आवडत नसे. ते चप्पल घालून तडक खाली आले, मागच्या खोलीत शिरले आणि थबकले. खोलीभर आडव्या-उभ्या दोऱ्या बांधल्या होत्या, आणि त्यांवर मेंढरांचा आख्खा कळप कानांना चिमटे लावून टांगलेला होता. लोकरीतून टपटप पाणी गळत होतं. खाली शेगडी पेटवून ठेवली होती, आणि खोलीत धुक्यासारखी वाफ दाटली होती.

"ही मेंढरं कुणाची?" एकहाते विचारते झाले.

"आपलीच. आज एका शाळेतून परत आली, परवा दुसरीकडे जायचीत. मुलांनी चिखलात लोळवून आणली, धुवायला नकोत?"

"आणि माझ्या भिंतीला विचारता ओल कुठून आली."

यात थोडं तथ्य होतं, हे ताईंनाही कळलं. मग म्हणाल्या, "बरं, मग कुठे वाळवू? पुढे रस्ता आहे. वर तुमची गच्ची, तिला तुम्ही हल्ली कुलूप लावता. मागे अंगण आहे म्हणतात, पण तिकडे दार नाही की खिडकी नाही. का नाही हो खिडकी?"

खिडकीचं नाव निघताच एकहात्यांनी विषय गुंडाळला. "रविवारी येतो. रंगाचा एक हात मारला की झालं."

आले, मारला. आठवडाभरात ठिपके नव्या रंगातून वर आले. पुन्हा आले, पुन्हा मारला. या वेळी रंग भिंतीला धरेचना. ताईंनी बोट फिरवलं तर बोटाबरोबर पोपडाच हातात आला. "काका, हा रंग नाही, ही पावडर आहे," त्या म्हणाल्या. एकहात्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांच्या रंगाला कुणी पावडर म्हटलं नव्हतं. ते त्यांना फार लागलं. तिसऱ्या खेपेला ते जाड, चकचकीत ऑइलपेंट घेऊन आले, डेपोत गाड्यांना लावत तसला, आणि थेट छतापासून सुरुवात करायची म्हणून शिडीवर चढले.

"शिडी धरू का?" ताईंनी विचारलं.

"अहो, मी बसच्या टपावर उभं राहून काम केलेला माणूस आहे."

"बसचा टप सपाट असतो," ताई म्हणाल्या. एवढ्यात ओल्या फरशीवरून शिडीचा एक पाय सरकला. एकहाते ब्रशासकट खाली आले ते वाघावर. आकार मोडू नये म्हणून वाघात कापूस ठासून भरलेला असल्यामुळे डोकं, पाठ, कंबर सगळं वाचलं. डावा पाय तेवढा वाघाच्या बाहेर पडला, आणि घोट्याचं हाड मोडलं.

डॉक्टरांनी पायाला प्लास्टर घातलं आणि जिना चढायला सक्त मनाई केली. वरचा जिना लाकडी, अरुंद, मधेच वळणारा. एकहात्यांना उचलून वर न्यायचं तर चार माणसं लागली असती, आणि त्या जिन्यात एकावेळी दीड माणूस मावत असे. प्लास्टर घातलेला पाय पुढे करून ते ताईंच्या पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, आणि काकू आणि ताई त्यांची सोय लावत होत्या.

"पुढच्या खोलीत गिऱ्हाइकांची ये-जा असते," ताई म्हणाल्या. "काकांना स्वस्थपणा मिळायचा नाही. मागची खोली त्यातल्या त्यात शांत आहे. ट्रंका इकडे ओढते, म्हणजे खाट बसेल."

"मागच्या खोलीत?" एकहाते एकदम बोलून गेले. "तिथे ओल आहे."

काकू आणि ताई दोघी त्यांच्याकडे बघू लागल्या. कधी नव्हे ते यजमानांनीही हातातल्या दाढीच्या कामातून मान वर केली.

"म्हणजे रंग," एकहाते म्हणाले. "रंग अजून ओला आहे."

"वाळेल की," काकू म्हणाल्या, आणि खाटेवर घालायची चादर आणायला वर गेल्या.

अशा रीतीने घरमालक आपल्याच घरात, भाडेकरूच्या मागच्या खोलीत, राहायला आले. पायाखाली दोन उशा, समोर भिंत. बसडेपोत त्यांनी कधी कुठल्या पृष्ठभागाकडे इतका वेळ बघितलं नव्हतं, कारण रंग वाळला की गाडी निघून जायची. ही भिंत कुठे जात नव्हती. सकाळी जाग आली की छताला दवासारखे थेंब धरलेले दिसत. अंथरूण गार आणि जड लागे. दार बंद केलं की हवा जागच्या जागी उभी राही, आणि तोच तो वास नाकातून आत जाऊन पुन्हा तिथेच भेटे. त्यांना शिंका सुरू झाल्या. मग खोकला. काकू विचारत, "इतका खोकला कशाने?" तर ते म्हणत, "पुढच्या खोलीत बसलो होतो तेव्हा वारं लागलं असेल," आणि वारं हा शब्द तोंडातून निघताच त्यांचं त्यांनाच कसंसं होई, कारण त्या खोलीत वारं नावाची वस्तूच नव्हती.

चकचकीत ऑइलपेंटच्या खालून पहिला ठिपका वर आला तेव्हा त्यांनी त्याच्यावर टॉवेल टांगला.

"टॉवेल तिथे कशाला?" काकूंनी विचारलं.

"वाळत घातलाय."

"भिंतीला?"

दुसरा ठिपका आला तेव्हा त्यांनी यजमानांना सांगून सैनिकाचा कोट तिथे अडकवला. तिसऱ्यासाठी एक ढाल लागली. असं करता करता भिंतीवर आख्खी फौज गोळा झाली. ताई चहा घेऊन आल्या की त्या फौजेकडे बघत, एकहात्यांकडे बघत, आणि काही न बोलता कप ठेवून जात. हे न बोलणं एकहात्यांना बोलण्यापेक्षा जास्त टोचे. एकदा न राहवून तेच म्हणाले, "खोलीला शोभा आली जरा."

"तर काय," ताई म्हणाल्या. "ढालीच्या मागे बघू का शोभा?"

"राहू दे."

पण ताईही बसून विचार करत होत्या. म्हातारा माणूस दिवसरात्र खोकतो हे त्यांना ऐकवत नव्हतं. त्यांनी मेंढरं आत टांगायची बंद केली आणि काही दिवस ओले कपडे पाटीत भरून दूरच्या धोब्याकडे वाळवायला नेले. शेगडी स्वयंपाकघरात हलवली. ओल थोडी कमी झाली, पण गेली नाही. भिंत आतून इतकी पाणी प्यायली होती की तिला आता कुणाच्या मेंढरांची गरज उरली नव्हती.

आणि मग एके दुपारी एकहात्यांना पायाच्या प्लास्टरवर, टाचेजवळ, एक हिरवा डाग दिसला.

आधी त्यांना वाटलं रंगाचा शिंतोडा असेल. बोटाने पुसून पाहिला. बोट हिरवं झालं, डाग तसाच राहिला. मान वाकडी करून पाहिलं तर मागच्या बाजूला आणखी तीन-चार होते. भिंतीच्या प्लास्टरला झालं होतं तेच पायाच्या प्लास्टरला झालं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर येणार होते. डॉक्टर विचारणार, हे प्लास्टर कुठे ठेवलं होतंत. काय सांगणार, की मी जी खोली लोकांना भाड्याने देतो तिथे?

त्यांनी हळूच हाक मारली. यजमान दारात आले.

"तुमच्याकडे पांढरा रंग आहे का थोडा?"

"हं."

"आणि बारीक ब्रश?"

"हं."

यजमान घेऊन आले तो भिंतीचा रंग नव्हता, भुतांच्या तोंडाला लावायचा होता. एकहाते म्हणाले चालेल, टाचेला द्या. यजमानांनी जमिनीवर बैठक मारली आणि कामाला लागले. डाग झाकला. पण तो कारागीर माणूस, नुसता पांढरा थर त्याच्या डोळ्याला खुपू लागला. त्याने थोडा करडा मिसळला, घोट्याला छाया दिली, पावलाच्या शिरा काढल्या, बोटांना नखं काढली. बघता बघता प्लास्टरचा असा काही पाय झाला की एखाद्या बागेतल्या संगमरवरी पुतळ्याचा वाटावा. एकहाते मान वाकडी करून कौतुकाने बघत होते. एवढ्यात काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

यजमानांनी ब्रश खिशात घातला आणि अंग चोरून बाहेर सटकले.

काकू हसल्या नाहीत. त्या ट्रंकेवर बसल्या. पाय पाहिला, मग उठून भिंतीवरची ढाल काढली, कोट काढला, टॉवेल काढला, आणि मागचं सगळं पाहिलं.

"तुमच्या पायालाही बुरशी आली म्हणायची," त्या म्हणाल्या.

एकहात्यांनी टॉवेल परत घ्यायला हात पुढे केला.

"आता पुरे झालं. खिडकी उघडायची."

"खिडकीचा इथे काय संबंध?"

"संबंध मला माहीत आहे आणि तुम्हालाही."

खिडकीची हकीकत अशी होती. तेव्हा खाली अजून भाडेकरू नव्हते आणि ही खोली त्यांच्याच वापरात होती. ती मागच्या अंगणाकडे उघडत असे. अंगण काकूंच्या धाकट्या भावाचं, आणि अंगणापलीकडे त्याचं घर. घरात त्याला छोटू म्हणत, जरी तो आता साठीला आला होता आणि दाराइतका रुंद झाला होता. एके वर्षी छोटूने घराला रंग लावायला काढला. सख्खे मेहुणे आयुष्यभर रंगखात्यात, पण छोटूने त्यांना एका शब्दाने विचारलं नाही. दुकानात स्वस्त मिळाला म्हणून वांगी रंग आणला आणि समोरची आख्खी भिंत रंगवून टाकली. एकहात्यांनी सकाळी खिडकी उघडली आणि त्यांच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. रंग वाईट होता हे एक, पण आपल्याला विचारलं नाही हे दुसरं, आणि दुसरं जास्त होतं. त्यांनी खिडकीतून छोटूला दोन शब्द सुनावले, छोटूने चार परत केले, आणि त्याच आठवड्यात एकहात्यांनी गवंडी बोलावून खिडकी बुजवली.

"मला तुमच्या त्या रंगाचं काही नव्हतं," काकू म्हणाल्या. "तेव्हाही नव्हतं. खिडकीतून हाक मारली की छोटू यायचा, एवढंच होतं. आता त्याला भेटायचं तर मला आख्ख्या रस्त्याला वळसा घालून जावं लागतं. गुडघे दुखायला लागल्यापासून तेही होत नाही. मी कधी बोलले?"

काकू खरंच कधी बोलल्या नव्हत्या. एकहात्यांना इतक्या वर्षांत वाटत आलं होतं की त्या खिडकीने फक्त त्यांचं आणि छोटूचं बिनसलं. काकू त्या खिडकीपाशी उभ्या राहायच्या हे त्यांना आत्ता आठवलं. कोपर टेकवून, पुढे वाकून. ते बराच वेळ आपल्या संगमरवरी पायाकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी चष्मा सावरून पाय पाहिला. "हे कुणी केलं?"

"ताईंच्या मिस्टरांनी," काकू म्हणाल्या.

"सुंदर काम आहे. पण काढावं लागेल." त्यांनी नवं प्लास्टर घातलं, छातीला नळी लावून खोकला ऐकला, भिंतीकडे एक नजर टाकली आणि सांगितलं, "या खोलीत माणूस ठेवू नका." मग जाता जाता म्हणाले, "कुणालाच."

खाट पुढच्या खोलीत आली. छोटूला निरोप पाठवते असं ताई म्हणाल्या, पण एकहाते म्हणाले की मीच जातो. कसे जाणार? ते म्हणाले खुर्चीवरून. तेव्हा यजमान आणि दूध घालायला आलेला गवळी अशा दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. बाहेर बोचरी थंडी होती, म्हणून ताईंनी हाताला लागला तो राजाचा अंगरखा त्यांच्या अंगावर टाकला. हिरवट झाकेचा अंगरखा लेवून, एक पाय पुढे रोखून, एकहाते भर रस्त्यातून मेहुण्याच्या दारी गेले. रस्त्यावरची माणसं बाजूला होऊन वाट देत होती. एकाने तर नमस्कार केला.

छोटूने दार उघडलं आणि तो बघतच राहिला. "भाऊजी, नाटकात काम धरलंत?"

"तुझ्याकडे पहार आहे का?" एकहाते म्हणाले.

"आहे. कशाला?"

"खिडकी फोडायची आहे. माझ्या बाजूने मला उभं राहता येत नाही."

छोटूने त्यांच्याकडे पाहिलं, अंगरख्याकडे पाहिलं, दुधाच्या घागरी लांब ठेवून ताटकळलेल्या गवळ्याकडे पाहिलं. "माझ्या बहिणीने पाठवलं?"

"मी आलोय," एकहाते म्हणाले. यापेक्षा जास्त माफी त्यांना मागता येत नव्हती, आणि छोटूला ते ठाऊक होतं. तो आत गेला आणि पहार घेऊन आला.

विटा पडायला वेळ लागला नाही. गवंड्याने घाईत काम उरकलेलं होतं. भोकातून आधी धूळ आली, मग ऊन आलं, मग छोटूचं तोंड आलं. काकू खोलीत उभ्या होत्या. "अगं, तुझे केस केवढे पांढरे झाले," छोटू म्हणाला. "धूळ आहे," काकू म्हणाल्या, आणि पदराने त्याच्या कपाळावरची धूळ पुसली.

एकहात्यांना खुर्चीवरून आणून दारात बसवलं होतं. खिडकीतून त्यांना वांगी भिंत दिसत होती.

"रंग टिकलाय," ते अखेर म्हणाले.

"दोन हात दिले होते," छोटू म्हणाला.

यापुढचं काम मात्र एकहात्यांच्या जिवावर आलं. सगळा रंग आणि कुजका गिलावा विटांपर्यंत खरवडून काढायचा होता. नाकाला फडकं बांधून ताई आणि यजमानांनी तो काढला, पोत्यांत भरून बाहेर टाकला, जागा साबणाच्या पाण्याने आणि मग ब्लीचिंग पावडरने धुतली. मग भिंत तशीच उघडी ठेवायची होती, पुरती सुकेपर्यंत. एकहाते रोज कुबड्या टेकत येत, उघड्या विटांना तळहात लावून बघत आणि विचारत, "आता?"

"नाही," ताई म्हणत.

"निदान कोपऱ्यात?"

"काका, ब्रश द्या इकडे."

ट्रंका विटांवर उचलून भिंतीपासून वीतभर पुढे ठेवल्या गेल्या. कपडे वाळवायला छोटूने आपलं अंगण दिलं. त्या थंडीत त्याच्या वांगी भिंतीपुढे मेंढरं, सैनिक आणि पऱ्या एका दोरीवर वाऱ्याने हलत असत, आणि छोटू खुर्ची टाकून त्यांची राखण करत असे. काकू खिडकीत कोपर टेकून त्याच्याशी बोलत. भिंत सुकली, नवा गिलावा झाला, आणि मग एकहात्यांना रंग द्यायची परवानगी मिळाली. त्यांचा खोकला तोवर गेला होता. ताईंना त्यांनी त्या काळात केव्हातरी बाईंऐवजी ताई म्हणायला सुरुवात केली, आणि गच्चीची किल्ली खिळ्याला अडकवून ठेवली. ओल श्वासाने येते हे मत त्यांनी सोडलं नाही, पण त्यासाठी खिडकी असते, एवढी त्यात भर घातली.

ड्रेपरीवाले पुष्कळ वर्षं राहिले. मग धंदा वाढला, त्यांना मोठी जागा मिळाली आणि ते गेले. जाताना यजमान एकहात्यांजवळ थांबले आणि म्हणाले, "येतो." एवढं बोलल्यावर ते दमल्यासारखे दिसले.

खोल्या बघायला एक जोडपं आलं. एकहात्यांनी त्यांना थेट मागच्या खोलीत नेलं. इथे पूर्वी ओल होती, ते म्हणाले. या कोपऱ्यात बुरशी यायची, इथून वर चढायची. मी स्वतः या खोलीत आजारी पडलोय. कपाट भिंतीला टेकवू नका, ओले कपडे आत टांगू नका, खिडकी रोज उघडा, काही ठिपका दिसला तर लगेच सांगा, मी येतो. जोडप्याने एकमेकांकडे पाहिलं, पाणीही न पिता निघालं, आणि पुन्हा आलं नाही.

"थोडं कमी सांगायचं," काकू म्हणाल्या.

"खरं तेच सांगितलं."

"खरंच, पण बसल्यावर सांगायचं. दारातच नाही."

नंतर बेकरीत काम करणारा एक माणूस आला. तो सगळं ऐकत राहिला, कारण त्याला झोप आली होती. तो रात्रभर भट्टीवर असे आणि दिवसा झोपत असे. खोली त्याला पसंत पडली. एकच अडचण होती. "मला अंधार लागतो," तो म्हणाला. "ही खिडकी बंद ठेवली तर चालेल ना?"

"नाही," एकहाते म्हणाले.

"मग झोपू कसा?"

त्यावर बरीच बोलणी झाली. शेवटी एकहात्यांनी स्वतः बाजारात जाऊन जाड काळं कापड आणलं, काकूंनी त्याचा पडदा शिवला, आणि तो असा अडकवला की ऊन अडेल पण खालून वारा येत राहील. बेकरीवाला राहायला आला. पहिल्याच दिवशी भर दुपारी एकहाते खाली उतरले आणि पडद्यामागची खिडकी खरंच उघडी आहे का ते बघायला त्यांनी दार वाजवलं. बेकरीवाला डोळे चोळत आला, त्यांना खिडकी दाखवली, आणि पुन्हा जाऊन झोपला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा वाजवलं. तिसऱ्या दिवशी बेकरीवाल्याने काकूंना वर जाऊन विचारलं की तुमच्या यजमानांना काही काम का लावून देत नाही. तेव्हापासून खिडकी तपासायचं काम काकूंनी छोटूकडे सोपवलं. तो ती अंगणातून, कुणालाही न उठवता, तपासू शकत असे.